दोन डोंगरांमधला सूर्य आणि काळ्या रानाचा रंग : पहिली-दुसरीच्या वर्गातील एक प्रकरण अभ्यास

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसरातील ज्या गावात मी पहिली आणि दुसरीचा एकत्र वर्ग शिकवते, त्या गावाच्या शिवारात उभे राहून कोणत्याही दिशेला पाहिले तरी डोंगर दिसत नाही. काळे रान, त्यात हळद, ऊस, तूर आणि हरभरा, बांधावर बाभळी व कडुनिंब, मधून गेलेला पूर्णा प्रकल्पाचा कालवा आणि त्यापलीकडे पुन्हा काळेच रान. नारळाचे झाड गावात एकही नाही. असे असूनही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात "मनाने कोणतेही चित्र काढा" असे सांगून मी गोळा केलेल्या २३ चित्रांपैकी १९ चित्रांत दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा किरणांचा सूर्य, डोंगरातून खाली येणारी नदी, काठावर लाल छपराची झोपडी, तिच्याशेजारी नारळाचे वाकलेले झाड आणि आकाशात पसरलेल्या पंखांचे चार-पाच पक्षी होते. हे चित्र महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेक प्रत्येकाने कधी ना कधी काढलेले असते. त्या दिवसापासून रंगपंचमीनंतरच्या आठवड्यापर्यंत आमच्या वर्गात जे घडले, त्याची ही नोंद आहे. मुलांची नावे आणि गावाचे नाव हेतुतः दिलेले नाही.

चित्रांचे विषय सारखे होते, तसे रंगही सारखेच होते. डोंगर चॉकलेटी, सूर्य पिवळा, नदी निळी, गवत पोपटी, छप्पर लाल. बारा तेली खडूंच्या डबीतील प्रत्येक खडूला जणू एकेक नोकरी ठरवून दिलेली होती. मुलांना रंगांची नावे बिनचूक येत होती आणि अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे मुलाला काय यायला हवे याच्या, तक्त्यात त्या ओळीपुढे मी सर्वांना बरोबरची खूणही केली होती. मात्र वर्गाच्या दारातून दिसणाऱ्या तुरीच्या शेताकडे बोट दाखवून "हा कोणता हिरवा?" असे विचारले, तेव्हा सर्वांनी शेताकडे न पाहता डबीकडे पाहिले आणि "पोपटी" असे उत्तर दिले. तूर तेव्हा शेंगांवर आलेली होती आणि तिची पाने धुरकट, करडेपणाकडे झुकलेली होती. पोपटाशी त्या रंगाचा काही संबंध नव्हता.

हे चित्र मुलांकडे कोठून येते, याचा शोध घेताना मला लांब जावे लागले नाही. मोठी भावंडे घरी तेच काढतात, दिनदर्शिकेवर ते असते, आणि चित्रकलेच्या तासाला फळ्यावर खडूने ते काढून देणारी मी स्वतःच होते. मी ज्या शाळेत शिकले तेथे माझ्या गुरुजींनीही तेच काढून दिले होते. त्यामुळे मुलांकडे कल्पनाशक्ती नाही, असा जो निष्कर्ष अशा वेळी शिक्षकांच्या बैठकांमध्ये सहज काढला जातो, तो मला मान्य नाही. मूल जसे 'क' काढायला शिकते तसेच ते डोंगर काढायला शिकलेले असते, आणि शिकवलेले अक्षर पुन्हा पुन्हा नीट काढून दाखवणे हा त्याच्या दृष्टीने प्रामाणिकपणाच असतो.

पहिला उपाय

माझा पहिला उपाय मनाईचा होता. पुढच्या तासाला मी सांगितले की आज डोंगर, सूर्य आणि झोपडी काढायची नाही, आपले गाव काढायचे. दहा मिनिटे वर्गात विलक्षण शांतता पसरली. काही मुलांनी डोंगर काढून खोडले. पहिलीतील एका मुलाने कोरा कागद आणून दिला आणि "बाई, मग इथं काय काढू?" असे विचारले. दुसरीतील मुलींनी एकमेकींचे पाहून शाळेची इमारत काढली, पण तिच्यामागे दोन टोके डोकावत राहिली. त्या तासानंतर मी सर्व कागद कपाटात ठेवले आणि दोन आठवडे चित्रकलेचा विषय काढला नाही, कारण जे काढता येते ते काढून घेतल्यावर त्या जागी काय द्यायचे, हे मलाच ठाऊक नव्हते.

त्याच तासाला माझ्याकडून आणखी एक चूक झाली. अनेक मुले कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची रेघ ओढतात, वरच्या कडेला निळा पट्टा ओढतात आणि मधला भाग कोरा सोडतात. मी एका मुलीला आभाळ खाली जमिनीपर्यंत आणायला सांगितले. तिने ठामपणे उत्तर दिले, "आभाळ वर असतं बाई, मधी हवा असते." नंतर वाचताना लक्षात आले की तिचे वागणे वयाला धरूनच होते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत सुमारे ७ ते ९ वर्षांच्या टप्प्यावर जमिनीची रेघ आणि आभाळाचा पट्टा दिसू लागतो आणि प्रत्येक वस्तूला मूल ठरावीक रंग देऊ लागते. त्याआधीच्या, म्हणजे सुमारे ४ ते ७ वर्षांच्या टप्प्यावर रंगाची निवड वस्तूपेक्षा मुलाच्या आवडीवर अधिक ठरते. माझ्या वर्गात हे दोन्ही टप्पे एकाच सतरंजीवर बसलेले होते. त्यामुळे 'पान हिरवे' हा नियम मुलाने स्वतः शोधलेला असेल तर ती त्याची वाढ आहे आणि तोच नियम बाहेरून घोटून घेतलेला असेल तर ती पाठांतराची सवय आहे, हा भेद ओळखणे हे माझे काम होते. आभाळाच्या पट्ट्याला मी पुन्हा हात लावला नाही.

काळी आणि पांढरी

दुसरा प्रयत्न मी चित्रापासून सुरू न करता रंगापासून सुरू केला, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय तोच आहे. तयार चित्राकडे प्रत्येक आकाराचे उत्तर असते, पण डबीत नसलेल्या रंगाचे उत्तर त्याच्याकडे नसते. म्हणून मी मुलांना एकच काम दिले : प्रत्येकाने आपल्या शेतातील किंवा घराजवळील मूठभर माती कागदाच्या पुडीत आणायची. जनावरे बांधण्याची जागा, उकिरडा आणि फवारणी झालेले रान टाळायचे, हे मी पालकांना निरोप पाठवून सांगितले, आणि आलेली माती दोन दिवस कडक उन्हात वाळवली.

पुड्या उघडल्यावर माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच अधिक निघाले. शेतातील काळी होती, वीटभट्टीजवळची तांबूस होती, विहिरीच्या खोदकामातून निघालेला पिवळसर मुरूम होता आणि जुन्या गढीच्या पायथ्याची राखेसारखी फिकट माती होती. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, हे मोठ्यांना ठाऊक असते. वर्गातील मुलांनी मात्र हा शब्द रंगाशी कधी जोडलेला नव्हता. गढीची माती आणणाऱ्या मुलीच्या आजोबांनी तिला सांगून पाठवले होते की पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि चुना मिसळून गावाखालची जमीन पांढरी होते. ती मुलगी हे सर्व एका दमात सांगून खाली बसली. रंगाला कारण असते, ही गोष्ट त्या दिवशी वर्गाला कळली, आणि ती माझ्या पाठनियोजनात नव्हती.

माती वाळल्यावर आम्ही ती दगडाने बारीक केली, जुन्या धोतराच्या कापडातून चाळली, पाण्यात ढवळली, खडे तळाशी बसेपर्यंत थांबलो आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतून घेतले. ते पाणी रात्रभर स्थिर राहिले की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ उरतो आणि तोच रंग. तो कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात घातला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग पावडरीसारखा झडतो आणि जास्त झाला तर चकाकतो व तडकतो. योग्य प्रमाण मुलांनी पाठकोऱ्या कागदांवर बोटाने पट्टे ओढून, वाळवून, घासून स्वतःच ठरवले. कुंचले आमच्याकडे मोजकेच होते, म्हणून कडुनिंबाच्या काड्यांची टोके ठेचून आणि चिंध्यांचे बोळे बांधून काम भागवले.

येथे मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण होते. १९४५ नंतर बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे त्यांनी बालशिक्षणाची महाग साधने बाजूला ठेवून पाने, बिया, खडे, शिंपले अशी परिसरातील साधने वापरली. ती केवळ काटकसर होती असे मला आता वाटत नाही. मुलाने स्वतः आणलेल्या वस्तूकडे पाहण्याची त्याची नजर निराळी असते, हे त्या मातीच्या पुड्यांमुळे मी प्रथमच जवळून पाहिले.

काळ्या मातीने मुलांना सर्वांत जास्त गुंतवून ठेवले. ओली असताना ती कागदावर जवळजवळ कोळशासारखी दिसते आणि वाळली की करडी होते. पहिल्या दिवशी अनेकांना आपला रंग 'उडून गेला' असे वाटले आणि दोघे रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच मातीचे दोन पट्टे शेजारी ठेवले, एक ओला आणि एक वाळलेला, आणि दुपारच्या सुट्टीत रानात जाऊन पाणी दिलेला वाफा व कोरडा वाफा यांच्याशी ते ताडून पाहिले. गडद आणि फिकट हे शब्द मी त्यापूर्वी फळ्यावर कित्येकदा लिहिले होते, पण ते मुलांच्या तोंडी आपसूक आले ते त्या बांधावर.

हळद, कोळसा आणि तुरीचे पान

फेब्रुवारीत गावात हळद काढणीचा हंगाम जोरात असतो. जेठे गड्डे (मुख्य कंद), बगल गड्डे (त्याला बाजूने फुटलेले कंद) आणि हळकुंडे वेगळी करण्याचे काम प्रामुख्याने बाया करतात, हळद शिजते, अंगणे पिवळी होतात, आणि त्या दिवसांत काही मुलांची उपस्थितीही कमी होते. त्यामुळे पिवळा रंग आम्हाला विकत घ्यावा लागला नाही. हळदीची पूड पाण्यात उकळून, गाळून, डिंक घालून तो तयार झाला. चुन्याची निवळी मी स्वतः, मुलांना लांब बसवून, हळदीत थेंबाथेंबाने घातली, कारण चुना डोळ्यांना व त्वचेला इजा करतो आणि तो मुलांच्या हाती देऊ नये. पिवळा रंग डोळ्यांदेखत लाल झाला तेव्हा वर्गातून जो आवाज उठला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. कुंकू असेच करतात आणि हळदीच्या डागाला साबण लागला की तो याच कारणाने लाल होतो, हे मी सांगण्याआधीच एका मुलीने सांगितले.

या तासांना दुसरीतील एका मुलाची नोंद स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. हा मुलगा सर्व रंग एकत्र कालवून टाकतो, अशी माझी त्याच्याबद्दल जुनी तक्रार होती. त्याने कागदाला रंग लावला की काही मिनिटांत तेथे चिखल दिसे, आणि मी त्याच्या वहीत "स्वच्छता राखावी" असा शेरा अनेकदा लिहिला होता. तुरीच्या पानाचा रंग शोधण्याच्या तासाला इतर मुले डबीतील पोपटी आणि हिरव्या खडूंवर पांढरा घासत होती. या मुलाने हळदीच्या वाटीत चुलीतील कोळशाची पूड चिमूट-चिमूट घालायला सुरुवात केली. मी त्याला थांबवण्याच्या बेतात होते. तिसऱ्या चिमटीला पिवळा रंग हिरवट झाला आणि पाचव्या चिमटीला तो शेवाळी झाला. त्याने दारातून तुरीचे पान आणून त्या पट्ट्यावर ठेवले, तेव्हा पान कोठे संपते हे क्षणभर कळत नव्हते. पिवळ्यात थोडा काळा मिसळला की डोळ्यांना तो हिरवट दिसतो, ही गोष्ट चित्रकारांना ठाऊक असते. मला ती ठाऊक नव्हती. निळ्या रंगाशिवाय हिरवा होतो हे मी त्या मुलाकडून शिकले आणि वर्गासमोर तसे स्पष्टपणे सांगितले. त्याच्या वहीतील जुने शेरे मी त्याच दिवशी खोडले.

त्यानंतर नावांचा प्रश्न उभा राहिला, कारण या रंगांना डबीवरची नावे लागू पडत नव्हती. मी मुलांना घरी आजीला लुगड्या-साड्यांचे रंग विचारून यायला सांगितले. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, वांगी, राखाडी, मोतिया असे शब्द वर्गात आले. मराठीतील रंगांची कितीतरी नावे वस्तूंवरून पडली आहेत. तपकिरी हा शब्दही तपकिरीवरून आला, पण तपकीर ओढणारा माणूस या मुलांनी पाहिलेला नाही, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या वस्तूवरून त्याला चॉकलेटी केले. ही मोडतोड नसून भाषा ज्या रीतीने रंगांना नावे देते तीच रीत आहे, असे माझे मत आहे. त्याच रीतीने वर्गाने आपल्या वाट्यांवर चिठ्ठ्या लावल्या : 'भिजल्या काळीचा', 'गढीचा', 'विटेचा', 'तुरीच्या पानाचा'. पहिलीतील ज्या मुलांना लिहिण्याचा कंटाळा येत असे, त्यांनीही या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या.

हातांचा तास

यानंतरचा तास मी आज पुन्हा घेणार नाही. डबीत फिकट गुलाबी छटेचा एक खडू असतो, त्याला मुले 'अंगाचा रंग' म्हणतात आणि चित्रातील सर्व माणसांना तोच लावतात. वर्गातील एकाही मुलाचा रंग तसा नाही. मातीच्या रंगांमुळे ही चूक सहज दुरुस्त होईल, या विश्वासाने मी प्रत्येकाला आपल्या हाताचा रंग मातीतून तयार करायला सांगितले. काही वेळ काम उत्तम चालले. मग एका मुलाने शेजारच्या मुलीकडे पाहून "हिचा भिजल्या काळीचा" असे म्हटले आणि वर्ग हसला. तिने दोन्ही हात दप्तराखाली घेतले आणि तास संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

माती सर्वांची सारखीच आहे, म्हणून तिच्याविषयीचे शब्दही निरुपद्रवी राहतील, असे मी गृहीत धरले होते. ज्या समाजात मुलगी जन्मल्या दिवसापासून तिच्या रंगाची चर्चा होते, त्या समाजातील सात वर्षांच्या मुलीला मी चारचौघांत आपला हात मोजायला लावला होता. मी हसणाऱ्यांना थांबवले, पण त्या क्षणी उपदेश केला असता तर सर्वांच्या नजरा पुन्हा तिच्यावरच वळल्या असत्या. म्हणून मी तास संपवला, भिंतीवर लावलेले हातांचे कागद उतरवले आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिच्या आईशी बोलले. पुढे कोणालाही स्वतःचे अंग रंगवायला मी सांगितले नाही. माणसे काढायची झाली तर 'कामावरची माणसे' हा विषय दिला, आणि 'अंगाचा रंग' हा खडू डबीतून न काढता त्याला 'अबोलीचा' असे नाव द्यावे का, एवढेच वर्गाला विचारले. मुलांनी ते मान्य केले.

त्या 'कामावरची माणसे' विषयावर या मुलीने हळद निवडणारी आई काढली. लुगड्याला तिने विटेचा रंग दिला, चेहऱ्याला पिवळसर मुरूम आणि काळी यांचे स्वतः केलेले मिश्रण दिले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निव्वळ हळदीचे केले. हळदीच्या कामावरील बायांचे हात हंगामभर तसेच असतात. यावरून तिच्या मनातील सल गेला, असे मी म्हणणार नाही. तो मला मोजता येत नाही.

पालक, नोंदी आणि मार्चमधील चित्रे

पालकांकडून एक तक्रार आली आणि ती रास्त होती : गणवेश खराब होतात. आम्ही जुने सदरे मागवले आणि ते उलटे घालून काम केले. मातीत हात घालायला शाळेत कशाला पाठवायचे, असेही एका वडिलांनी विचारले. त्यांना मी रंगांच्या चिठ्ठ्या आणि मुलांनी त्याविषयी लिहिलेली वाक्ये दाखवली. वेळेची अडचण मात्र खरी होती. दोन इयत्ता एकत्र असताना एका तासिकेत माती कालवणे, काम आणि आवराआवर बसत नाही, म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेतील सलग दोन तासिका मी यासाठी वापरल्या.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकत असतानाच वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी मला पूर्णपणे नव्याने लिहाव्या लागल्या. "चित्र रेखीव काढते", "रंग रेषेबाहेर जाऊ देत नाही" अशी माझी पूर्वीची वाक्ये होती, आणि ती मुलाच्या नजरेविषयी काहीच सांगत नव्हती. त्याऐवजी "एका रंगाच्या तीन छटा करून दाखवतो", "रंग हवा तसा न झाल्यास काय कमी आहे ते सांगते", "पाहिलेल्या वस्तूशी रंग ताडून पाहते" अशी वाक्ये मी लिहू लागले. मुलाने काय केले ते शेजारी उभे राहून पाहिल्याशिवाय अशी नोंद लिहिता येत नाही.

रंगपंचमीला पळसाची फुले रात्रभर भिजवून, उकळून केशरी पाणी केले आणि ते खेळण्यातच संपले. त्यानंतरच्या आठवड्यात मी जानेवारीतील सूचना शब्दशः पुन्हा दिली : मनाने कोणतेही चित्र काढा. त्या दिवशी २१ मुले हजर होती आणि ८ चित्रांत डोंगर होतेच. मी काहीही बोलले नाही. उरलेल्या चित्रांत हळदीचे ढीग, कालवा, ट्रॅक्टर, गढी आणि एका चित्रात केवळ पाण्याने भिजलेल्या वाफ्यांचे चौकोन होते. डोंगर काढणाऱ्या आठपैकी एका मुलीने तिचा डोंगर भिजल्या काळीने रंगवला होता. मी विचारल्यावर तिने सांगितले की तो डोंगर नाही, कालव्यातून काढलेल्या गाळाचा ढीग आहे, आणि सूर्य त्याच्यामागूनच उगवतो. मी दुसऱ्या दिवशी लवकर निघून कालव्याच्या पुलावरून पाहिले. तिचे म्हणणे खरे होते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खिडकीजवळ लावलेल्या चित्रांतील हळद उन्हाने उडालेली होती. मातीचे आणि कोळशाचे रंग जसेच्या तसे होते. हळद निवडणाऱ्या आईच्या चित्रात लुगडे आणि चेहरा शाबूत होता, हात तेवढे कागदाच्या रंगाचे झाले होते. ती मुलगी आता तिसरीत, शेजारच्या वर्गात बसते. मधल्या सुट्टीत ती आली, चित्राकडे बराच वेळ पाहिले, हळदीची वाटी मागून घेतली आणि हात पुन्हा कोपरापर्यंत भरले. मग तिने चित्र खिडकीजवळून काढून कपाटाच्या दाराला, सावलीच्या बाजूला लावायला सांगितले, आणि ते आता तेथे आहे.